तिष्ठणे आणि खोळंबणे

मराठीत थांबण्याला पुष्कळ शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वाट पाहणाऱ्यापुढे एक वाट असते. त्या वाटेने कुणीतरी येणार असते, म्हणून ती पाहायची. सासुरवाशीण मुराळ्याची वाट पाहते, शेतकरी मृगाची पाहतो, वारकरी वर्षभर आषाढीची पाहतो. तिष्ठणे म्हणजे मुळात उभे राहणे. संस्कृतातला 'स्था' धातू त्यात आहे, आणि आपल्या दैवताची सगळी मूर्ती त्या एका क्रियापदात मावते. खोळंबणे हा मात्र तिसरा प्रकार. तो बहुधा दुसऱ्याने आपल्यावर आणलेला असतो. खोळंबलेल्याला किती वेळ ते कुणी सांगत नाही, कशासाठी तेही नीट सांगत नाही, आणि 'मी निघतो' म्हणायची सोय नसते.

परमार्थात पहिल्या दोन शब्दांना मोठा मान आहे. तिसऱ्याचे काय करायचे, हा या लेखाचा प्रश्न. तो मला सुचला आमच्या भाईंदर पूर्वेला, मालाच्या गाड्यांकडे पाहून.

ज्यांना भाईंदर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे मिठागरांचे गाव. पूर्वेला नवघर, गोडदेव, खारीगाव ही जुनी गावे, आणि आज त्यांच्याभोवती इमारती व इंडस्ट्रियल इस्टेटींचे गाळे. स्टेनलेस स्टीलची भांडी हा इथला नामांकित धंदा. पत्रा येतो, कापला जातो, प्रेसखाली त्याचा डबा, वाटी, तांब्या होतो, पॉलिश होऊन खोक्यांत भरला जातो आणि दूरदूरच्या बाजारांत जातो. पंढरपुरात एखाद्या मठात तुम्ही ज्या ताटात जेवलात ते कदाचित आमच्या इथल्या गाळ्यात घडले असेल. पत्रा आणणारी आणि भांडी नेणारी गाडी रिकामी झाली की पुढचे भाडे मिळेपर्यंत उभी राहते. गल्ल्या अरुंद, अवजड गाड्यांना रस्त्यावर यायच्या वेळा ठरवून दिलेल्या, आणि घोडबंदरचा रस्ता नि वरसाव्याचा खाडीपूल यांची कोंडी तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत. २०२३ साली तिथे नवा पूल सुरू झाला तरी गाड्यांचे थांबणे संपलेले नाही. काशीमीऱ्याकडे महामार्गावर या, रस्त्याकडेला गाड्या उभ्या दिसतील. एखाद्याने केबिनच्या सावलीत स्टो पेटवलेला असतो, एखादा गाडीखाली गोणपाट टाकून आडवा झालेला असतो, चौघे पत्ते कुटत असतात.

पाहणाऱ्याला वाटते, काय सुख आहे! बसून आहेत. पण त्या बसण्याची चव घेऊन पाहावी.

कामाचा वेळ आणि विश्रांतीचा वेळ यांच्यामध्ये एक बांध असतो. इथे तो बांधच नाही. चालक काम करत नाही, म्हणून फेऱ्याचे पैसे नाहीत. तो मोकळाही नाही, कारण फोन कधी वाजेल याचा नेम नाही. गाढ झोपला तर टाकीतले डिझेल काढून नेणारे आहेत, ताडपत्री कापणारे आहेत. गाडी सोडून दोन गल्ल्या पलीकडे जेवायला गेला तर तेवढ्यात गाडीवर दंड पडतो. घरी जावे तर घर सांगोल्याला, जतला, नाहीतर पार उत्तर प्रदेशात. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारले तर उत्तर ठरलेले, 'माल निघतोय, थांबा.' हे निघणे चार तासांचे की दोन दिवसांचे, ते पुष्कळदा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

सरकारदरबारी या वेळेची गणती कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यात दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८ तास, सलग ५ तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती अशी चांगली कलमे होती. 'कामाचे तास' कशाला म्हणायचे हे सांगताना त्या कायद्याने गाडी चालती असतानाचा वेळ धरला, तिच्याशी निगडित इतर कामाचा वेळ धरला, आणि थांब्यावर नुसते हजर राहण्याचा वेळही धरला. पण शेवटच्याला एक अट घातली. ते थांबणे १५ मिनिटांहून कमी असले पाहिजे. म्हणजे माणूस दहा मिनिटे तिष्ठला तर त्याचा उल्लेख होता, आणि दहा तास खोळंबला तर नव्हता. शिवाय कायदा लागू झाला तो ५ किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना. एका-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा त्यातूनही बाहेर राहिला. ज्या कुणी हे कलम लिहिले त्याने मुद्दाम वाईट केले असे मी म्हणत नाही. पण जगाने थांबणाऱ्याचा वेळ कसा पाहिला त्याचे हे चांगले उदाहरण आहे. लांबत गेला की तो वेळ कुणाचाच राहत नाही.

आता आपल्याकडे यावर एक उत्तर तयार असते. रिकामा वेळ मिळाला आहे ना, मग नाम घ्या. हे उत्तर खोटे नाही. नामाला काळवेळ नाही, सोवळेओवळे नाही, आसन लागत नाही. स्टीअरिंगवर हात ठेवूनही ते घेता येते. संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालत गेलात तर एखाद्या केबिनमधून मोबाइलवरचा हरिपाठ ऐकू येतो. सांगोल्याकडचे एक चालक आमच्या हरिपाठाला येऊन मागे दाराशी बसतात, कारण गाडीवर नजर राहिली पाहिजे. गळ्यात माळ, वयाने माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान. एकदा मी त्यांना उत्साहाने म्हणालो, "माउली, तुम्ही भाग्यवान. पांडुरंग अठ्ठावीस युगे उभा, आणि तुम्हालाही तोच अभ्यास घडतोय." ते हसले. म्हणाले, "खरं हाय बुवा. पण देवाला रातच्याला दोन वाजता उठवून गाडी म्हागं घे म्हणणारं कुणी न्हाई."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला आहे. नाम घ्या, हे खोळंबलेल्या माणसाने स्वतःशी म्हटले तर तो परमार्थ आहे. त्याने ते शेजारच्या चालकाला म्हटले तर तो सत्संग आहे. पण ज्याने गाडी अडकवून ठेवली त्याने, किंवा वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसून माझ्यासारख्याने ते सुनावले तर त्याच शब्दांचा अर्थ बदलतो. धीर हे थांबणाऱ्याचे धन आहे. थांबवणाऱ्याला ते आपल्या खात्यावर मांडता येत नाही.

आणि आपल्याला थांबण्याचा अनुभव नाही असे थोडेच आहे? आषाढीला पदस्पर्शाच्या बारीत आपण रात्रभर आणि वर आणखी दिवसभर उभे राहतो. बारी गोपाळपूरपर्यंत जाते. पाय सुजतात, लेकरे रडतात, आणि तरीही घरी येऊन आपण त्याला खोळंबा म्हणत नाही. का? आपण आपल्या इच्छेने उभे राहिलो. पुढे काय आहे ते ठाऊक आहे. रांग पावलापावलाने का होईना, सरकते. बाजूचा माणूस अभंग म्हणतो, मागची आजी शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवते, कुणी सेवेकरी पाण्याचा ग्लास पुढे करतो. आणि फारच झाले तर बाहेर पडून मुखदर्शनाला किंवा कळसाच्या दर्शनाला जायची मोकळीक आहे, त्यात कमीपणा नाही. यातले एकेक काढून घ्या. इच्छा काढा, सांगितलेली वेळ काढा, पाणी काढा, सोबत काढा, निघून जायची मोकळीक काढा. उरेल ती आमच्या काशीमीऱ्याची ओळ.

पुंडलिकाची कथा या दृष्टीने पुन्हा ऐकावी. कीर्तनात आपण देवाच्या उभे राहण्यावर भर देतो, ते योग्यच आहे. पण थांबवले कुणी? पुंडलिकाने. प्रत्यक्ष परब्रह्माला दाराशी थांबवणारा हा एक माणूस, आणि संप्रदायाने त्याला दोष दिला नाही, उलट त्याचे नाव देवाच्या नावाआधी जयजयकारात घेतले. त्याला थांबवण्याचा अधिकार कसा आला? त्याच्यापाशी कारण होते. आई-वडिलांचे पाय तो चेपत होता आणि ते काम अर्धवट सोडण्यासारखे नव्हते. ते कारण त्याने लपवले नाही. आणि त्याने वीट टाकली. भीमेचा काठ, चिखलाची जागा. उभ्या राहणाऱ्याचे पाय ओले होऊ नयेत, एवढे तरी त्याने पाहिले. हाताशी जे होते ते दिले. राजवाडा नव्हता, पाट नव्हता, वीट होती. माझ्या समजुतीने त्या विटेवाचून पुंडलिकाचे वागणे उद्धटपणाचे ठरले असते, मग सेवा कितीही मोठी असो. आणि देवाच्या बाजूने पाहिले तर तो केव्हाही निघून जाऊ शकत होता. गेला नाही, हे त्याचे प्रेम. जाता येत असताना न जाणे म्हणजे तिष्ठणे.

आपल्याच परंपरेत दुसरेही एक थांबणे आहे आणि त्याला कुणी तपश्चर्या म्हणू नये. चोखोबाराय देवळाबाहेर थांबले. ते काही देवासारखे प्रेमाने तिष्ठत नव्हते. त्यांना आत येऊ दिले जात नव्हते. त्यांची भक्ती त्या उंबऱ्यामुळे मोठी झाली असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. भक्ती मोठी होतीच, उंबरा मात्र अन्यायाचा होता. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाच्या वेठीच्या कामावर असताना भिंत कोसळून त्यांचा देह गेला, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारात समाधी बांधली. देह ठेवल्यावर ते दारापर्यंत आले. त्यांच्या लोकांना दाराच्या आत यायला १९४७ साल उजाडले. साने गुरुजींनी त्या वर्षी १ मे ते १० मे उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. गुरुजींनी दाराबाहेरच्या लोकांना 'धीर धरा, नाम घ्या' असे सांगितले नाही. ज्यांच्या हाती किल्ली होती त्यांच्यापुढे ते उपाशी बसले.

चालकाचे दुःख आणि चोखोबांचे दुःख एका मापाचे नाही, हे मला कळते. पण वेठ हा शब्द दोन्हीकडे लागू पडतो. ज्याच्या वेळेचा मोबदला नाही आणि ज्याला नकार देता येत नाही, तो वेठीला आहे. सावता महाराजांचे उदाहरणही इथे मदतीला येते असे प्रथम वाटते. अरणला मळ्यात राहूनच त्यांनी पंढरी अनुभवली, तसे चालकाने केबिनमध्ये अनुभवावी. पण सावतोबांचा दिवस सावतोबांचा होता. पाणी कुठल्या वाफ्याला सोडायचे ते त्यांचे ते ठरवत. कांदा-मुळ्यात विठ्ठल पाहायला माणसाला आधी आपल्या वेळेचा धनी असावे लागते की नाही, यावर जाणत्यांनी विचार करावा. मला वाटते, थोडा तरी धनी असावे लागते.

खोळंब्याचे आणखी एक अंग आहे, ते जिवावरचे. पैसे फेऱ्यावर मिळतात. दोन दिवस उभे राहण्यात गेले की चालक तिसऱ्या दिवशी ते भरून काढायला बघतो. माल भरायला संध्याकाळ होते आणि समोरचा सांगतो, 'सकाळी पोचलंच पाहिजे.' ज्याला दोन दिवस वेळेची किंमत नव्हती त्याला एका रात्रीत ती कळते, आणि ती वसूल होते चालकाच्या डोळ्यांतून. दोन रात्री अर्धवट झोपलेला माणूस तिसऱ्या रात्री घाट उतरतो. पालखी मार्गावर चालताना आपण ज्या भरधाव गाड्यांना नावे ठेवतो, त्यांतल्या कितींची घाई कुठल्यातरी गेटवरच्या खोळंब्यात जन्मलेली असते, ते आपल्याला दिसत नाही. मोकळ्या वेळात दारू आणि जुगार चिकटतो, हेही खरेच. त्याचा दोष चालकाचाच आहे, तो मी पुसत नाही. पण माणसाचा वेळ बेवारस टाकून दिला की त्यावर कुणीतरी येऊन बसतेच.

गाळेवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो काही राक्षस नाही. त्याची मागणी अचानक येते, पॉलिशवाला कामगार गावी गेलेला असतो, अर्धी गाडी भरते आणि उरलेला माल संध्याकाळपर्यंत तयार होत नाही, पैसे अडकलेले असतात. तोही कुणाच्या तरी दाराशी उभाच आहे. ही साखळी वर वर नेत गेलो तर शेवटी स्वस्त डबा मागणारे आपणच निघतो. म्हणून मी म्हणतो, थांबवणे सर्वस्वी टाळा असे कुणाला सांगता येणार नाही. पुंडलिकालाही ते टळले नाही. प्रश्न विटेचा आहे.

आणि इथे हा लेख वाचणाऱ्यांशी थोडे स्पष्ट बोलायला हवे. आपल्यातले किती जण गाळ्यात सुपरवायझर आहेत, गोदामात कारकून आहेत, गेटवर रखवालदार आहेत! गाड्या आत कधी घ्यायच्या, पाण्याचा नळ कुणाला वापरू द्यायचा, संडासाची किल्ली द्यायची की नाही, हे मालक ठरवत नाही, आपण ठरवतो. माळ घालताना खरे बोलण्याचे व्रत घेतलेले असते. मग 'पाच मिनिटांत होतंय' हे पाच तासांबद्दल रोज बोलायचे, याला काय म्हणावे? 'आज काही होत नाही, उद्या दहाला या' एवढे सांगितले तरी तो माणूस निवांत झोपतो, अंघोळ करतो, बायकोला फोन लावतो. खरी वेळ सांगायला पैसा लागत नाही. पाण्याचे पिंप, सावलीचा एक पत्रा, उघडा संडास यांना थोडा लागतो, फार नाही. थांबण्याचे पैसे देणे हे मालकाच्या हातचे. पुष्कळ व्यवहारांत हॉल्टिंगची बोली झालेली असते आणि ती ट्रान्सपोर्टवाल्यापर्यंत पोचतेही, चालकापर्यंत येताना मात्र पाझरून जाते. ज्याच्या टेबलावर तो कागद येतो त्याने तो एकदा नीट वाचावा.

तुम्ही म्हणाल, आपला आणि ट्रकचा संबंध काय? संबंध आहे आणि जुना आहे. आज कुठली दिंडी ट्रकवाचून चालते? आपण खांद्यावर पताका घेऊन मोकळे चालतो, कारण आपले बोचके, तंबू, पातेली, गॅस आणि म्हातारीची औषधे ट्रकमध्ये आहेत. पहाटे तळ हलला की तो ट्रक पुढच्या मुक्कामाला निघतो आणि तिथे आपली वाट पाहत उभा राहतो. चांदोबाच्या लिंबाला आपण रिंगण पाहतो तेव्हा तो तरडगावला जागा धरून बसलेला असतो. वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर, सगळी वारी त्याने उभ्या गाडीच्या टपावरून पाहिलेली असते. २०२० साली पायी वारी थांबली आणि माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका ३० जूनला एसटीच्या गाड्यांतून पंढरीला गेल्या. त्या दिवशी लाखो वारकरी घरी बसून राहिले आणि माउलींची सेवा चाक धरणाऱ्याकडे आली. आपण त्या चालकांकडे हेव्याने पाहिले होते, आठवते का?

पंढरपुरात ६५ एकराच्या मैदानावर तंबू पडतात. दिंडीतले सगळे चंद्रभागेचे स्नान, प्रदक्षिणा, दर्शन करून येतात, आणि सामान कुणी सांभाळायचे म्हणून चालक गाडीपाशी राहतो. अशा किती वाऱ्या एखाद्याच्या झाल्या असतील ज्यात त्याने पांडुरंगाला पाहिलेच नाही? दिंडीच्या बैठकीत भिशीचा हिशोब होतो, तंबूंच्या जागा ठरतात, विणेकऱ्यांच्या पाळ्या लागतात. गाडीपाशी बसण्याच्या पाळ्या मात्र मी फार थोड्या ठिकाणी लागलेल्या पाहिल्या.

एका दिंडीत पाहिल्या. एकादशीला संध्याकाळी दोन म्हातारे टाळकरी गाडीच्या पायरीवर येऊन बसले, किल्ली मागून घेतली, आणि चालकाला बारीला पाठवले. रात्री पाऊस आला तेव्हा ते दोघे केबिनमध्ये सरकले, हरिपाठ म्हणाले, आळीपाळीने झोपले. द्वादशीला दुपारी चालक परत आला. कपाळाला बुक्का, हातात तुळशीची दोन पाने. त्याने त्यांच्या पाया पडून पहिली गोष्ट विचारली ती ही, की टँकर येऊन गेला का आणि पिंपे भरली का.